ओट्याकडं तोंड, सासूबाईंकडं पाठ

मंडळी, आज सकाळी सासूबाई पिशवी भरून बसल्या. "मला गावी, कन्नडला धाडून द्या. इथं माझ्याशी कुणी बोलतच नाय."

माझं डोकंच फिरलं. स्वयंपाक करता करता दिवसभर माझी टकळी चालू असते! त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाजही चढवते.

तणतणत ओट्यापाशी गेले, तर समोर भिंत. पुंडलिकनगरच्या या घरात आल्यापासून मी त्या भिंतीशीच बोलत होते. मागं खुर्चीवर बसलेल्या सासूबाईंना दिसायची ती माझी पाठ, ऐकू यायचा तो मिक्सर.

गॅस बंद केला. गवारीची परात घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि शेजारच्या लग्नातली भानगड सावकाश, साध्या आवाजात सांगितली. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "व्हय? मग पोरीची आई काय म्हणली?"

गवार संपली. भरलेली पिशवी अजून दारातच होती. त्या म्हणाल्या, "मेथी नाय का निवडायची?"

तुमच्या घरी कुणाशी असं पाठमोरं बोलणं चाललंय, एकदा बघा. आमच्याकडं मेथी नव्हती. आत्ता आणायलाच निघालेय.