म्हैसासुर काय म्हणाला

मी पुण्याच्या कॉलेजात जायला निघालो तेव्हा बा मोखाड्याहून खोडाळ्याच्या वाटेने इगतपुरी स्टेशनापर्यंत माझ्याबरोबर आला. गाडी आली तेव्हा एवढंच म्हणाला, "शीक. पन बोहाड्याला ये. माझं गुडघं गेलं. म्हैसासुर आता तुझ्याच डोक्यावर."

गावी राहिलेल्यांना हे सांगायला नको. पण जव्हार संस्थानातून माझ्यासारखे निघून गेलेल्यांच्या मुलांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून लिहितो. बोहाडा हा आमचा मुखवट्यांचा खेळ. एकेक सोंग एकेका घराचं. शेवटच्या पहाटे जगदंबा म्हैसासुराला मारते, आणि तो म्हैसासुर आमच्या घरचा होता. नाचताना पाय थांबले, तर सोंग दुसऱ्या घरी जातं.

पुण्यात मी खाणावळीत जेवतो, लेक्चरला बसतो, तत्त्वज्ञान वाचतो. ते समजतं असं म्हणवत नाही. आमचे प्रोफेसर एकदा म्हणाले, तत्त्वज्ञान लोकांपर्यंत न्यायला नाटकासारखं साधन नाही. ते मी फारच मनावर घेतलं. आमच्याकडे सोंगं बोलत नाहीत, नाचतात. मला वाटलं, म्हैसासुरानं बोलावं. "देवी, तू मला दर साली मारतेस, मग मी संपत का नाही? वाईटपणा माझ्यातच आहे, की बघणाऱ्यांतही?" असं लांबलचक भाषण मी लिहिलं आणि पाठ केलं.

बोहाड्याला घरी येऊन बाला सांगितलं. त्यानं मुखवटा उतरवून माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाला, "बोल. पन पाय थांबवू नको."

लाकडी मुखवट्यात श्वास पुरत नाही. शेवटच्या पहाटे नाचत बोलता येईना, म्हणून मी थांबलो. माझे पाय पाहून संबळवालाही थांबला. त्या शांततेत माझं भाषण लाकडातल्या लाकडात घुमलं. कोणाला एक शब्द कळला नाही.

"वारं आलं! अंगात आलं त्याच्या!" लोक ओरडले.

एक बाई पुढे धावली. "बाबा, माझी म्हैस कशानं आटली, सांग!"

"अगं, त्यो मराय आलाय. त्याला म्हशीचं काय इचारतेस?" मागून एक जण म्हणाला.

"म्हशीचं म्हैसासुराला नाय इचारू, तं तुला इचारू?"

लोक हसले. मग म्हातारा भगत समोर आला आणि अंगात आलेल्याला विचारतात तसं त्यानं विचारलं, "तू कोन? काय पायजे तुला?"

सगळे माझ्याकडे बघत थांबले. हाच प्रश्न मी पुस्तकांत वाचत होतो, पण तिथे माझ्या उत्तरासाठी कोणी थांबलं नव्हतं. शेवटी जगदंबेच्या सोंगातला माझा चुलतभाऊ नवसू अगदी जवळ येऊन पुटपुटला, "पड आता, लेका. तलवार धरून हात दुखला." मी पडलो.

दुसऱ्या दिवशी पंचांनी म्हैसासुराचं सोंगही नवसूच्याच घरी दिलं, त्याच्या धाकट्या भावाला. बानं ते फडक्यात बांधून स्वतःच नेलं. परत येऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "हलकं वाटतं रं." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आता मी परत पुण्यात आहे. पुस्तक उघडतो, तेच पान पुन्हा वाचतो. गावाहून आलेला माणूस सांगत होता, तिकडे अजून वाद चालतो, म्हैसासुर काय म्हणाला. कोणी म्हणतं, मारू नको म्हणाला. कोणी म्हणतं, दर सालचं मरण नको झालं म्हणाला. माझ्या भाषणात हे नव्हतं. असायला हवं होतं.

त्याच माणसाबरोबर बानं निरोप धाडलाय, "बघाय ये." म्हणजे यंदा लोकांत बसायचं, बाच्या शेजारी. कोणी तरी विचारीलच, तू खरं काय बोलला व्हतास रं? आणि ऐकायला थांबेल. घर म्हणून आता मला कोणाचं तरी ते थांबणंच उरलंय. उत्तर तयार नाही. तरी जाईन.