आरशाशेजारचा चुगलखोर

वस्तादाचा हात म्हणजे लोणी, असं त्याच्या केशकर्तनालयातली गिऱ्हाइकं सांगत. गळ्यावरून वस्तरा फिरायचा आणि ती खुशाल घोरत पडायची. त्याच हाताला गेल्या हिवाळ्यापासून थरथर सुटली होती. वस्ताद करंगळी गिऱ्हाइकाच्या जबड्याला टेकवून ती थरथर दाबून टाकी. बायकोलासुद्धा त्याने थांगपत्ता लागू दिला नव्हता.

एका रिकाम्या दुपारी, केसांच्या फॅशनची चित्रं दाखवायला आरशाशेजारी ठेवलेल्या कॉम्प्युटरवर त्याने ‘हात का थरथरतो’ असं शोधलं. पान उघडलं तशी एक चौकट आडवी आली. वस्तादाने ‘सगळं मान्य’ दाबून ती पिटाळली, वाचलं, आणि हिस्टरी पुसून टाकली. आता या कानाचं त्या कानाला कळणार नाही, असं त्या भल्या माणसाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारचा बेकरीवाला केस कापायला बसला. चित्रं सरकवता सरकवता त्याचं बोट थांबलं. खाली जाहिरात होती: ‘हात थरथरतोय? लपवू नका.’

वस्तादाची कात्री थांबली.

“हे काय रे?” बेकरीवाल्याने विचारलं.

“असतं काहीबाही. त्या जाहिरातवाल्यांना काय उद्योग?”

तो जाताच वस्तादाने मुलीला फोन लावला. “अगं, मी तर सगळं पुसलं होतं.”

“हिस्टरी पुसलीत, बाबा. कुकी राहिल्या. त्या पानावरून जाहिरात कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये खूण ठेवली. चित्रांच्या पानावरही तीच कंपनी असणार. तिने खूण ओळखली.”

“माझ्या दुकानात खूण ठेवायला तिला सांगितलं कोणी?”

“तुम्हीच. ‘सगळं मान्य’ दाबलं असेल. पण शोधलंत काय?”

“चपला,” वस्ताद म्हणाला.

तिने सांगितलं तशा त्याने कुकीही पुसल्या. पडद्यावर पंख्यांच्या जाहिराती आल्या, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

पुढच्या आठवड्यात बेकरीवाला दाढीला आला. वस्तादाने फेस लावला, मनाचा हिय्या करून वस्तरा उघडला. त्या दिवशी हात अगदी स्थिर होता. इतका, की त्याचं त्यालाच बरं वाटलं. पण पातं गळ्याला टेकताच बेकरीवाल्याने आवंढा गिळला. त्याच्या मुठी खुर्चीवर आवळल्या होत्या, डोळे सताड उघडे होते.

वस्तादाने वस्तरा मिटला आणि टॉवेलने हळूच फेस टिपून घेतला.

“दादा, दाढी आता घरीच करत जा.”

बेकरीवाल्याने का म्हणून विचारलं नाही.