चाळून दिलेली माती

सन १९३४. मी पंचेचाळीस वर्षांचा होतो आणि अख्ख्या वलगावात माझ्या वावरासारखी काळी माती कोणाची नव्हती. (आजही नाही. ज्याला पटत नसेल त्याने येऊन पाहावं.)

धाकट्या भावाचा पोरगा मधू नागपूरला शेतकी शिकत होता. सुटीत आला तेव्हा म्हणाला, "मोठेबाबा, परीक्षेसाठी आपल्या वावरातली डबाभर माती आन इहिरीचं बाटलीभर पाणी पाह्यजे. पाला, शेण मातीत कुजते आन पिकाले परत कसं भेटते, ते पाहाचं हाय. जशी हाय तशीच भरजा."

पुढेही बरंच बोलला. मी 'नागपूर' एवढंच ऐकलं!

तो मामाकडे गेला आणि मी माती खणून घरी आणली. बायकोनं डब्यात डोकावलं.

"आवो, अशी पाठवून राह्यले? काड्या, शेण, गांडुळं! सायेब काय म्हनन? या घरात बाईमानूस नाही का?"

खरंच होतं. आमच्या घरून लेकीच्या सासरी तूरडाळसुद्धा निवडल्याशिवाय जात नाही. तिनं माती सुपात पाखडली, मी चाळली. उन्हात वाळवली, पुन्हा चाळली. मैदा झाला मैदा! पाणी धोतरानं गाळलं, उकळलं आणि वर वाळा टाकला. मधूनं डबा बांधलेला तसाच नेला.

महिनाभरानं तो परत आला, तो दारातूनच ओरडत.

"मोठेबाबा, मास्तर साऱ्या पोट्ट्याइसमोर म्हने, ही माती हाय का राखुंडी? आन इहिरीत अत्तर सांडलं का? सोमवारी खरी माती नाही नेली तं परीक्षेले बसू देत नाही मले! काहून चायली?"

"कोन म्हनते चायली? वावरच साफ हाय आपलं."

"मंग तसंच लिहून देतो. वावर पार मेलेलं हाय, काहीच उगवत नाही."

मेलेलं! माझं वावर! आणि शेजारी कुंपणाला कान लावून उभा!

"चायली," मी म्हणालो. "तुह्या मोठीमायनं चायली."

"हो का?" आतून आवाज आला. "आन दोनदा चायनी कोनं हालवली?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच वावरात गेलो आणि डबा भरला. काड्या, शेण, पाला, सगळ्यासकट. चाळणीला हात लावला नाही. फक्त बारकी, मरतुकडी गांडुळं तेवढी काढून टाकली आणि साऱ्या वावरातली जाडजूड निवडून आत सोडली. शेवटी नागपूरला जायची होती!