हिराच्या फोटोवर विकलेले थेंब

दाभोळच्या बंदरावर मासळी कापण्यात हिराचं आयुष्य गेलं. आतडी, पित्त, खवले, नासलेल्या म्हावऱ्याचं पाणी, कशाचीच तिला कधी घाण वाटली नाही. पण मुंबईत आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, स्वतःच्याच पोटावर विष्ठेची पिशवी लागली, आणि किळस म्हणजे काय ते तिला पहिल्यांदा कळलं. पुढ्यात भात आला की ती ताट बाजूला सारायची.

ऑपरेशनआधी डॉक्टर तेजस्वी खाटेशी येऊन बसली होती. गाठीचा थोडा तुकडा संशोधनासाठी द्याल का, असं विचारायला.

"त्याच्यात काय शोधणार तुम्ही?"

"आपल्या पेशींत आरएनए नावाचे निरोप फिरत असतात," तेजस्वी म्हणाली. "काही प्रोटीनं त्यांच्यावर बारीक खुणा करतात. कुठला निरोप टिकवायचा, कुठला मोडायचा, ते पुष्कळदा त्या खुणांवर ठरतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये अशी काही प्रोटीनं प्रमाणाबाहेर वाढलेली दिसतात. मग 'वाढत राहा' हा निरोप मोडायचा तो मोडतच नाही."

"मग त्याच्यावर औषध हाय?"

"नाही. अजून शोधच चाललाय. तुम्हाला ऑपरेशनच करावं लागेल."

पोरीने फसवलं नाही, हे हिराला आवडलं. तिने सही केली. दिराचा मुलगा विनीत खाटेच्या पायाशी बसून ऐकत होता. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीतली नोकरी सोडून तो हल्ली कसलीकसली टॉनिकं विकायचा.

शिमगा झाल्यावर हिरा पुन्हा बंदरावर बसू लागली. पिशवीचं कळल्यापासून जुनी गिऱ्हाइकं दुरूनच हसून शेजारच्या मासेवालीकडे वळायची. त्याचीही तिने सवय करून घेतली.

एके सकाळी खेडकडची एक बाई, जनी, नवऱ्याला घेऊन तिला शोधत आली. नवरा, काशीराम, पार वाळून गेला होता. जनीने मोबाईल पुढे केला. त्यात हिराचा हसरा फोटो होता, आणि खाली मजकूर: 'आरएनए शुद्धी थेंब. खुणा करणारी प्रोटीनं मुळातून साफ. आतड्याचा कॅन्सर ऑपरेशनशिवाय बरा.'

"ह्यांना तोच आजार," जनी म्हणाली. "ऑपरेशनची तारीख मिळाली होती. तुमचा फोटो बघितला नि हे म्हणाले, ती बाई थेंबांनी बरी झाली, मग मी कशाला पोट फाडून घेऊ?"

हिराने हात धुतले. दोघांना तिने शेडच्या मागे नेलं आणि पदर बाजूला केला. पिशवी अर्धी भरलेली होती. काशीरामने नाकाला टॉवेल लावून तोंड फिरवलं.

"बघा," हिरा म्हणाली. "मला पण घाण वाटते. पण हे केलं म्हणून मी जिवंत हाय. थेंब मी कधी घेतलेच नाय."

काशीराम खाली बसला. जनीने तिथेच कोणाला तरी फोन लावून इस्पितळात जायला गाडीची चौकशी सुरू केली.

हिरा तशीच विनीतच्या घरी गेली. तो ओटीवर बाटल्यांना लेबलं चिकटवत होता.

"काकी, लोकांना आशा लागते," तो म्हणाला. "आणि शब्द तर त्या डॉक्टरणीचेच हायत."

"ती 'नाही' पण म्हणाली होती. तेवढा शब्द सोडून बाकीचे उचललेस."

तिने एका बाटलीतले थेंब जिभेवर टाकले. गुळचट रंगीत पाणी होतं ते. ती अंगणात थुंकली, मग कोपऱ्यात जाऊन भडभडून ओकली. पिशवीनेही तिला कधी इतकं मळमळलं नव्हतं.

तेजस्वीला फोन करून तिने पोलिसांत तक्रार दिली. बाटल्या जप्त झाल्या, विनीत मुंबईला पळाला नि तिथे पकडला गेला. फोटो मात्र अजूनही कुठून कुठून फिरून येतो. काशीरामचं ऑपरेशन झालं, पण तोवर आजार यकृतात उतरला होता. तो सध्या केमोवर आहे. डॉक्टर खात्रीने काही सांगत नाहीत.

गणपतीत विनीत जामिनावर घरी आला. आरतीनंतर सगळ्यांच्या पाया पडत तो हिरापुढे वाकला. तिने पाय मागे घेतले. त्याने वाटलेला प्रसाद तिने घेतला नाही, आणि घरातल्यांनी कितीही डोळे वटारले तरी का नाही घेतला ते सगळ्यांदेखत सांगितलं.