फाटकापुढचा गतिरोधक

माझं अक्षर चांगलं, हा माझा जन्मभराचा गर्व. गव्हाणच्या बाजूला मी ज्या शाळेत शिकवतो तिथे अख्ख्या गावाचे अर्ज माझ्याच हातचे. पनवेलहून एसटीने यायचं, मुलांना शिकवायचं आणि मधल्या सुट्टीत डबा बाजूला सारून कोणाचा ना कोणाचा कागद लिहायचा. नीट लिहून दिलं की दुनिया सरळ होते, अशी माझी समजूत होती. मास्तर लोकांना हा रोग असतोच.

शाळेसमोरून कंटेनरच्या गाड्यांचा रस्ता जातो आणि शाळेच्या जरा अलीकडे रेल्वेचं फाटक आहे. फाटक उघडलं की खोळंबून वैतागलेले ट्रेलर सुसाट सुटतात. अशाच एकाने माझ्या सातवीतल्या एका मुलीला उडवलं. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्यापासून खाली गेला. तिची आई मासळी विकते. ती शाळेत आली, रडली नाही. सर, कायतरी लिवा, एवढंच म्हणाली.

मी लिहिलं. असं लिहिलं की रस्त्याच्या खात्याचे साहेब स्वतः पाहायला आले आणि पंधरवड्यात शाळेच्या दारासमोर चांगला उंच गतिरोधक झाला. मुलगी कुबडी घेऊन पुन्हा येऊ लागली. ट्रेलर तिथे मंदावले की तेवढ्यात ती रस्ता ओलांडायची. गावाने मला शाल-श्रीफळ दिलं आणि मी ते लाजत का होईना, घेतलं.

सत्काराला फाटकवाला आला नव्हता. नंतर भेटला तेव्हा मला रुळांपासून गतिरोधकापर्यंत चालवत नेलं आणि पावलं मोजायला लावली. म्हणाला, गुरुजी, ट्रेलर याहून लांब असतो, त्याचं तोंड तुमच्या गतिरोधकाशी अडलं की शेपूट माझ्या रुळांवर राहतं. मला राग आला. चांगल्या कामात खोट काढणारे असतातच, असं मी त्याला तोंडावर सुनावलं. पावलं मीच मोजली होती, तरीही.

त्याच वर्षी एका सकाळी, प्रार्थना चालू असताना, मोठं यंत्र लादलेल्या एका बुटक्या ट्रेलरचं पोट गतिरोधकावर टेकलं. मागची चाकं रुळांवर. पुढे सरकेना, मागे गाड्यांची रांग. फाटकवाला लाल झेंडा घेऊन रुळांमधून धावत सुटला. प्रवासी गाडी थांबली ती इतक्या जवळ, की खिडकीतल्या बाईच्या मांडीवरचं मूल मला शाळेच्या पटांगणातून दिसलं. मुलं प्रार्थना म्हणतच राहिली; त्यांना थांबा म्हणायचंही मी विसरलो.

संध्याकाळी फाटकवाला कोरा कागद घेऊन आला. गुरुजी, गतिरोधक काढायचा अर्ज आता तुम्हीच लिहा, म्हणाला. मी आधी मुलीच्या घरी गेलो. आई मासळी साफ करत होती.

"लिवा सर," ती म्हणाली. "गाडीत पन कोनाची तरी पोरं हायत. पन माजी पोर पलीकडं कशी जाईल?"

मी नेईन, असं मी म्हणून बसलो.

अर्जात मागण्या दोन केल्या: हा गतिरोधक काढावा आणि फाटकापासून लांब, योग्य जागी दुसरा करावा. पहिली चार दिवसांत मान्य झाली. दुसरी अजून विचाराधीन आहे. रस्ता एका खात्याचा, फाटक दुसऱ्याचं, आणि दोन्हीकडच्या साहेबांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं.

मुलगी आता नववीत आहे. रोज सकाळी मी लवकरच्या एसटीने येतो, छत्री उंच धरून रस्त्यात उभा राहतो. ट्रेलरचा ड्रायव्हर एवढा वर बसलेला असतो की त्याला मी दिसतो की नाही, देव जाणे. थांबत तर कोणीच नाही. परवा ती बराच वेळ माझ्या मागे कुबडीवर रेलून उभी होती. मग हळूच म्हणाली,

"सर, तुमी जरा बाजूला व्हा. तुमच्या आड मना गाडी दिसत नाय."

मी बाजूला झालो.