मागचे सर

आमचे गणिताचे सर वर्गात आले की फळ्याकडे न जाता थेट शेवटच्या बाकाकडे जात. खडू एखाद्या मुलाच्या हातात देत आणि ज्याला गणित येत नाही त्याच्या शेजारी जाऊन बसत. पार्ल्याच्या त्या शाळेत त्यांचं नावच पडलं होतं, 'मागचे सर'. बाकीचे शिक्षक खुर्चीवरून सहसा उठत नसत. उठलेच तर छडी घेऊन. हेडमास्तरांनी एकदा दारातून विचारलं, या वर्गावर कोण आहे? सर मागून म्हणाले, "मी आहे, साहेब. फळा लांबून दिसतो, पण मुलगा जवळ बसल्याशिवाय दिसत नाही."

खडू बहुधा माझ्याच हातात यायचा. वडील गिरणीत; आमच्या घरातून हायस्कुलात गेलेला मीच पहिला. घरी विचारायला कुणी नव्हतं, म्हणून आपण अडायचंच नाही असं मी ठरवून टाकलं होतं. त्यामुळे झालं असं, की सर माझ्या शेजारी कधी बसलेच नाहीत. ते बसायचे खारदांड्याच्या कोळीवाड्यातून येणाऱ्या, रात्री वडिलांबरोबर मासेमारीला जाणाऱ्या नाखवा नावाच्या मुलाशेजारी. काल होडी किती वाजता लागली, झोपलास की नाही, असं आधी विचारायचे आणि मग त्रिकोणाकडे वळायचे. मध्येच दोघे हसायचे. मी पाठमोरा, प्रमेय लिहीत असायचो. कशाला हसतात ते कळायचं नाही, आणि खडू मोडायचा.

एका चाचणीत मी मुद्दाम चुका केल्या. पेपर देताना सरांनी मला बाजूला घेतलं. "मधल्या पायऱ्या चुकीच्या आणि उत्तर बरोबर? तुला धड चुकताही येत नाही रे." मग म्हणाले, "काही हवं असेल तर तोंडानं माग."

मी म्हटलं, काही नको सर.

मॅट्रिकच्या वर्षी दिवाळीनंतर सर आईच्या आजारपणासाठी गावी गेले, ते कायमचेच. शेवटच्या तासालाही ते नाखव्याजवळच बसले होते. त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. मी फळ्यापाशी होतो.

यंदा मी कॉलेजात आहे. प्राध्यापक विद्वान आहेत, पण हजेरीपुरतेच ओळखतात. मागच्या महिन्यात स्टेशनाबाहेर नाखवा भेटला. त्याचं गणित राहिलं होतं, ऑक्टोबरला पुन्हा बसणार होता. मला राहवलं नाही. सर त्या दिवशी काय म्हणाले, असं मी विचारलंच.

"म्हणाले, मी चाललो. आता अडलं की तो फळ्यापाशी आहे ना, त्याला विचार. तो माझ्यापेक्षा सोपं सांगेल."

"मग विचारलं का नाहीस?"

"कसं विचारणार? तू कायम फुगलेला असायचास ना रे."

रविवारी वही घेऊन आमच्या खोलीवर ये, असं मी त्याला सांगितलं. माझ्या फुगण्यापायी त्याचं गणित राहिलं याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्याही आधी मनात आलं ते हे, की सर माझ्याविषयी इतकं चांगलं बोलले, आणि तेही याच्याच कानात.