दोन घरांचं एकच अंगण

माझ्या मुलीला, त्रिवेणीला, कुठे थांबावं ते कळत नाही, ही काळजी माझ्या मनातून जात नाही. बाहेरच्यांशी भांडली तर निभावतं. ही घरातल्यांशी भांडते, आणि तेही खरं बोलून. अशा माणसाजवळ शेवटी कोण उरतं?

हैदराबादेत, दिलसुखनगरच्या आमच्या घरात, खालच्या मजल्यावर ती पाळणाघर चालवते. कोचिंग क्लासात शिकवणाऱ्या, दुकानांत काम करणाऱ्या आया सकाळी मुलं सोडून जातात. पोरं दिवसभर अंगणात असतात. मराठी, तेलुगू, हैदराबादी उर्दू असं सगळं मिसळून बोलतात, आणि त्रिवेणी तिन्ही भाषांतून त्यांना रागावते. बँकेतली नोकरी सोडून तिने हे सुरू केलं तेव्हा मला जेवण जात नव्हतं. आता तिच्याकडे जागा मिळावी म्हणून लोक माझ्याकडे शब्द टाकतात.

ते अंगण निम्मं आमचं, निम्मं माझे दीर नामदेवराव यांचं. दोघा भावांनी शेजारशेजारचे प्लॉट घेतले तेव्हा गावाकडून ज्वारी, हळद येत असे. ती वाळवायला ऐसपैस जागा हवी, म्हणून दोघांनी आपापलं घर पलीकडच्या कडेला रेटलं आणि मधली जागा एकत्र ठेवली. भिंत नाही, कुंपण नाही. भावाभावांत कसली हद्द, असं दोघं अभिमानाने सांगायचे.

मागच्या वर्षी भावजींनी घर पाडून पाच मजली इमारत बांधायला काढली. इमारत जितकी उंच, तितकी भोवती जास्त जागा मोकळी सोडायची, असा नियम. त्यांचं जुनं घर पलीकडच्या कुंपणाला चिकटलेलं होतं. आता तिकडे जागा सोडायची, तर इमारत सरकणार अंगणात. आराखडा अजून मंजुरीला जायचा होता, पण मुहूर्त चांगला होता म्हणून भूमिपूजन आधी ठरलं.

पूजेच्या सकाळी मेस्त्रीने मुग्गूने, म्हणजे पांढऱ्या रांगोळीने, पायाच्या रेघा आखल्या. शेवटची रेघ आमच्या खिडक्यांच्या अगदी जवळ आली. ऊन जाणार, वारा जाणार, पाळणाघर बंद पडणार. मी पूजेचं ताट लावत राहिले. आमचे हे पाहुण्यांना खुर्च्या देत राहिले.

त्रिवेणी पुढे गेली. "काका, या बाजूचं सेटबॅक, मोकळी सोडायची जागा, कुठाय?"

"हे काय!" भावजींनी आमच्या भिंतीपर्यंत उरलेली पट्टी दाखवली. "एवढी जागा सोडलीय, दिसत नाही का?"

"ती आमची आहे, काका."

"तुमचं-आमचं कधीपासून झालं गं?" माझी जाऊ मंगला म्हणाली. "पोरं सांभाळून तूही पोरांसारखी खेळणी वाटून घ्यायला लागलीस काय?"

जमलेले पाहुणे हसले. त्रिवेणीने मेस्त्रीच्या घमेल्यातून मूठभर मुग्गू उचलला. फाटकाजवळच्या हद्दीच्या दगडापासून मागच्या दगडापर्यंत मेस्त्रीला दोरी धरायला लावली आणि अंगणाच्या मधोमध सरळ रेघ ओढली. इतक्या वर्षांत तिथे कुणी रेघ पाहिली नव्हती.

"चांगल्या दिवशी घराची वाटणी करतेस!" मंगला कळवळली.

"काकू, ही हद्द प्लॉट घेतले तेव्हापासून आहे. आपण ती कधी आखली नाही, एवढंच. मोजायला येणारा माणूस प्लॉट मोजेल, नातं नाही मोजणार."

भावजी दोन रेघांच्या मधे जाऊन उभे राहिले. त्यांचं पाऊल जेमतेम मावत होतं. चेहरा उतरला. "म्हणजे मी बांधूच नको?"

"बांधा की! वरचे दोन मजले सोडा. उंची उतरली की सोडायची जागाही कमी लागते. तीन मजले आरामात बसतील, आणि तुमच्याही खालच्या खोल्यांत ऊन येईल. तुमचं नातवंड खेळायला येणार कुठे, माझ्याकडेच ना?"

भावजींनी मेस्त्रीकडे पाहिलं. तो तेलुगू माणूस, पोरीला पापा म्हणणारा. म्हणाला, "पापा बरोबर बोलते सार. पाया खणल्यावर कळलं असतं तर?"

"भटजी, जरा थांबा," भावजी म्हणाले. मग मेस्त्रीला, "पूस माझ्या रेघा. नव्याने घाल."

नारळ नव्या रेघांच्या आत फुटला. मंगला महिनाभर माझ्याशी बोलली नाही, मग एका सणाला स्वतःच ताट झाकून घेऊन आली. आज तीन मजले उभे आहेत. मुलं उन्हात खेळतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला भावजी छाती काढून सांगतात, "हे असं बसवलं ते आमच्या पुतणीने."

आणि आज संध्याकाळी वेगळा राहणारा माझा मुलगा विकास येऊन म्हणाला, "आई, आता आपणही वर दोन मजले चढवू. काकांनी जागा सोडलीच आहे, समोर सगळं मोकळं."

त्या दिवशी भावजींनी आमची धरली होती, तशी काकांची जागा हा आपल्या हिशेबात धरून बसला आहे.

त्रिवेणीला अजून हे माहीत नाही. कळलं की ती उठेल आणि भावाच्या तोंडावर सांगेल, आणि पुन्हा तीच वाईट ठरेल. पूजेच्या त्या सकाळी मला तिच्या शेजारी जाऊन उभं राहता आलं असतं, मी राहिले नाही. रात्र बरीच झाली आहे, पण अमेरिकेतल्या कंपनीच्या कामामुळे विकास या वेळी जागाच असतो. आपल्या घरावर मजले चढणार नाहीत, हे त्याला मीच सांगते. फोन लावते.